सर्वोत्तम हिमगाडी कोणती ?

ज्या वस्तूचें आपल्या घरांत कधीं नांवहि निघालें नाहीं, तिच्या गुणदोषांवरून चार शहाणीं माणसें हातघाईवर येतांना पाहण्याचा योग क्वचितच येतो. तो मला गतवर्षीं हिंवाळ्यांत आला. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या अगदीं उत्तरेस, कॅनडाच्या सरहद्दीपासून फारसें दूर नसलेल्या एका लहानशा गांवीं माझे जावई रुग्णालयांत डॉक्टर आहेत. कन्येच्या आग्रहावरून मी तेथें तीन महिने राहिलों. बाहेर पारा शून्याखालीं वीस अंशांवर, दुपारीं साडेचारला दिवेलागण, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस पुरुषभर उंचीचे बर्फाचे बांध. अशा स्थितींत साठी उलटलेल्या माणसानें करावें काय? सुदैवानें शेजारच्या गृहस्थांच्या गॅरेजांत दर शनिवारीं सायंकाळीं लोखंडी शेगडीभोंवतीं पांचसात मंडळी जमत, आणि मला तेथें आदरानें एक खुर्ची मिळे. त्यांच्या बोलण्याचा विषय एकच असे : आजवर निघालेल्या स्नोमोबाइलांमध्यें सर्वोत्तम कोणती ?

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरून धांवणारी लहान मोटारगाडी. आपल्याकडील जीं कुटुंबें काश्मीरची यात्रा करून आलीं आहेत त्यांनीं गुलमर्गच्या उतारावर ती पाहिली असेल. तेथें तिला स्नो-स्कूटर म्हणतात. सियाचिनच्या हिमनदीवर आपले जवान आणि अंटार्क्टिकावरील ठाण्यांत आपले शास्त्रज्ञ तिचाच उपयोग करतात. मी या लेखांत तिला हिमगाडी म्हणणार आहें. पुढें सुकाणूला जोडलेल्या दोन स्की, मागें एकच रुंद रबरी पट्टा, मध्यें एंजिन, आणि घोड्यावर बसावें तसें पाय टाकून बसण्याची लांबट गादी, एवढाच तिचा संसार. एंजिनाची शक्ति पट्ट्याकडे नेण्याची व्यवस्था आजच्या बिनगिअरच्या स्कूटरांतील व्यवस्थेच्याच जातीची असते : शंकूच्या आकाराच्या कप्प्यांच्या दोन जोड्या व त्यांवरून फिरणारा एक पट्टा, वेगाप्रमाणें कप्प्यांचीं तोंडें जवळ येतात वा दूर होतात आणि गिअर बदलण्याची दगदग उरत नाहीं. जुन्या हिमगाड्यांचीं एंजिनें दोन धक्क्यांचीं, म्हणजे पेट्रोलांत तेल मिसळून चालणारीं असत. ज्यांनीं जुनी बजाज स्कूटर चालविली आहे त्यांना तो निळसर धूर आणि तो वास आठवेल. शेजाऱ्यांनीं पहिल्या दिवशीं एक जुनी गाडी सुरू करून दाखविली तेव्हां मला एकदम पुण्याचा लक्ष्मी रस्ता आठवला.

न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावें म्हणून होतो तो वाद. जिंकावें म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचें खंडन करीत सुटणें ही वितंडा. त्या शेगडीभोंवतीं हे तिन्ही प्रकार एकाच संध्याकाळीं ऐकावयास मिळत. वितंडेचा मान एका उंच, अबोल गृहस्थांकडे होता. ते स्वतः कोणत्याच गाडीचें नांव घेत नसत. दुसऱ्यानें घेतलें कीं त्या गाडीचा पट्टा कोणत्या सालीं, कोणत्या तळ्यावर तुटला होता तेवढेंच सांगत आणि पुन्हां कॉफीच्या पेल्यांत पाहूं लागत. दोनतीन आठवडे मी केवळ श्रोता होतों. परंतु शाळामास्तर ऐकतो तो निकाल देण्यासाठींच, अशी मंडळींची समजूत झाली असावी. एके दिवशीं त्यांनीं मलाच पंच नेमलें. ज्यानें जन्मांत हिमगाडीवर पाय टाकला नाहीं तो निःपक्षपाती असणारच, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो तर्कदृष्ट्या निर्दोष वाटला नाहीं. पण पंचपण कोणास नको असतें?

निकालापूर्वीं अभ्यास करावा, या जुन्या संवयीनें मीं गांवच्या ग्रंथालयांतून पुस्तकें आणून या वाहनाचें मूळ शोधिलें. विस्कॉन्सिन राज्यांतील सेनर या खेड्यांत कार्ल इलायसन नांवाचे दुकानदार होते. पायानें अधू असल्यामुळें त्यांना मित्रांबरोबर बर्फांतून शिकारीस जातां येईना. म्हणून त्यांनीं १९२४ सालीं एका लांकडी घसरगाडीस बोटीचें लहानसें एंजिन जोडलें, आणि १९२७ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. एका माणसानें एकट्यानें बसून न्यावयाच्या हिमगाडीची ही पहिली पिढी म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि या इतिहासांतील मुख्य पुरुष कॅनडांतील क्वेबेक प्रांताचे. व्हॅल्कूर गांवीं १९०७ सालीं जन्मलेले जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनीं पंधराव्या वर्षींच एका घसरगाडीवर जुनें फोर्डचें एंजिन आणि विमानासारखा पंखा बसवून ती बर्फावरून पळविली होती. पुढें त्यांनीं गांवांत मोटारदुरुस्तीचा धंदा मांडला व फावल्या वेळीं हिमगाडीचे प्रयोग चालविले. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें अत्यवस्थ झाला. शेरब्रुकचें रुग्णालय सुमारें पन्नास किलोमीटरांवर, आणि रस्ते बर्फानें बुजलेले. मूल गेलें. आपल्या कोंकणांत ऐन पावसाळ्यांत तर बंद पडलेली असतां, पैलतीरावर डॉक्टरांच्या घरचा दिवा दिसत असूनहि ज्यांनीं हातावर हात ठेवून रात्र काढली आहे, त्यांना यावर अधिक सांगावयास नको.

१९३७ सालीं बॉम्बार्डिए यांना दांत्यांच्या चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेबद्दल पेटंट मिळालें. त्यांची पहिली विक्रीची गाडी सात माणसांची होती, पुढची बारांची. वर छप्पर, बाजूंस आगबोटीसारख्या गोल खिडक्या. त्यांतून डॉक्टर रोग्यांकडे जात, टपाल जाई, मुलें शाळेंत जात. १९४८ सालीं क्वेबेक सरकारनें हिंवाळ्यांतहि रस्ते मोकळे ठेवण्याचें ठरविलें आणि या मोठ्या गाड्यांचा खप एकदम बसला. तेव्हां त्यांनीं कांहीं वर्षांनीं, १९५९ सालीं, एकादोघांपुरती लहान गाडी काढली. कुत्र्यांच्या गाडीची जागा ती घेणार म्हणून तिचें नांव स्की-डॉग ठेवावयाचें होतें, तें स्की-डू झालें. पहिल्या हंगामांत २२५ गाड्या खपल्या. अगदीं पहिल्यापैकीं एक ओंटारिओंतील लॅन्सडाउन हाउस या आडवळणी वस्तींत आदिवासी लोकांमध्यें काम करणारे पाद्री मोरीस विमे यांच्याकडे गेली. बॉम्बार्डिए १९६४ सालीं वारले.

इकडे मिनेसोटांत रोझो या गांवीं शेतीचीं अवजारें बनविणारा हेटीन यांचा कारखाना होता. तेथें १९५६ च्या आरंभीं डेव्हिड जॉन्सन व त्यांचे सोबती यांनीं एक ओबडधोबड हिमगाडी तयार केली. एडगर हेटीन यांना हा उपद्व्याप मुळींच रुचला नाहीं. परंतु मजुरांचे पगार भागवावयाचे होते, म्हणून ती ४६५ डॉलरांस विकली. हा पोलॅरिस या नांवाचा आरंभ. पुढें एडगर यांचें मत इतकें पालटलें कीं १९६० सालीं त्यांनीं अलास्कांत बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजारांवर मैलांचा प्रवास हिमगाडीनें करून दाखविला. परतल्यावर मात्र भागीदारांशीं बिनसलें. त्यांनीं घर सोडावें तसा कारखाना सोडला आणि जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्स गांवीं दुसरा काढला. तोच आर्क्टिक कॅट. एकाच माणसाच्या हातचीं हीं दोन झाडें, पण दोन्ही गांवांच्या अभिमान्यांचें वैर पाहिलें म्हणजे भाऊबंदकीचा खटला तीन पिढ्या कसा चालतो तें समजतें.

१९७० च्या सुमारास हिमगाड्या बनविणारे शंभरांवर कारखाने होते आणि एका हंगामांत पांच लाखांच्या घरांत गाड्या खपत होत्या. नंतर तेल महागलें, कांहीं हिंवाळे कोरडे गेले, आणि बहुतेक कारखाने वितळले. ज्या जॉन डिअर कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीस तयार होतात, तिनेंहि १९७० च्या दशकाच्या आरंभापासून १९८४ पर्यंत हिरव्या रंगाच्या हिमगाड्या काढल्या होत्या. आमच्या मंडळींत एक शेतकरी तिचा भक्त होता. पण तो फार बोलत नसे. बंद झालेल्या गाडीचा पक्ष घेणें म्हणजे श्राद्धाच्या दिवशीं वाढदिवस करणें, असें इतर त्यास चिडवीत.

आतां पक्ष-प्रतिपक्ष. मंडळींतील सर्वांत वृद्ध गृहस्थ क्वेबेकहून येऊन स्थायिक झालेले यंत्रकार होते. त्यांनीं पहिल्या दिवशीं ऑलिंपीक या स्की-डूची बाजू मांडली, ती एका पराक्रमाच्या बळावर. मिनेसोटाचेच एक विमा-व्यावसायिक राल्फ प्लेस्टेड यांनीं १९६८ च्या एप्रिलमध्यें हिमगाड्यांवरून उत्तर ध्रुव गांठला. त्यांचें स्थान अमेरिकन वायुदलाच्या विमानानें पडताळलें. बर्फावरून जाऊन ध्रुवावर पोहोंचल्याचा ज्याविषयीं कोणासहि शंका नाहीं असा हा पहिलाच प्रवास होय. बॉम्बार्डिए यांचे एक पुतणेहि त्यांच्यासोबत होते, आणि गाड्या होत्या सोळा अश्वबळांच्या, ३०० घन सेंटिमीटरांच्या एंजिनाच्या. “सोळा अश्वबळांत पृथ्वीचें टोंक ! आज सोळांत तुमचें गवतहि कापून होत नाहीं,” असें म्हणून म्हातारबुवांनीं सर्वांकडे पाहिलें. यावर वितंडावाद्यांनीं पेल्यांतून मान वर न करतां एवढेंच सांगितलें कीं प्लेस्टेड यांना पेट्रोल आणि अन्न विमानांतून पोहोंचविलें जात होतें. तेव्हां मान द्यावयाचाच तर विमानास द्यावा. आक्षेप खरा होता, पण सगळा नव्हता. विमान पेट्रोल टाकतें. मोडलेल्या हिमखंडांच्या ढिगांतून गाडी ओढावी लागते ती माणसांसच.

दुसरे वक्ते आर्क्टिक कॅटच्या कारखान्यांत उमेदीचीं वर्षें काढलेले. त्यांचें दैवत एल टिग्रे, १९७० च्या दशकांतील वेगवान गाडी. तिच्या वेगाच्या गोष्टी ते रंगून सांगत, परंतु मला त्यांच्या बोलण्यांत गाडीपेक्षां दुसरेंच कांहीं ऐकूं येई. १९८१ सालीं कारखान्याचें दिवाळें निघालें आणि गांवाच्या चुली थंडावल्या. १९८३ मध्यें नव्या नांवाखालीं काम पुन्हां सुरू झालें तेव्हां, ते म्हणाले, पहिली गाडी पट्टीवरून उतरतांना पाहून मोठमोठीं माणसें रडलीं. २०१७ मध्यें टेक्स्ट्रॉन कंपनीनें तो कारखाना घेतला आणि २०२५ मध्यें तो पुन्हां दुसऱ्या हातीं गेला. अशा माणसाशीं अश्वबळाच्या आंकड्यांनीं वाद घालणें मला बरें वाटेना. पंच या नात्यानें मीं त्यांचा पक्ष ‘भावनेस योग्य, प्रमाणास अपुरा’ असा टिपून ठेविला.

तिसरा पक्ष गॅरेजाच्या धन्यांचा, आणि तो सर्वांत भक्कम होता. पूर्वीच्या गाड्यांच्या स्की आपल्या टांग्याच्या कमानींसारख्या पोलादी पात्यांवर बसविलेल्या असत. एका बाजूस खळगा आला कीं सारी गाडी, आणि तीवरचा मनुष्य, हादरून निघे. पोलॅरिसनें शर्यतींच्या गाड्यांवर प्रयोग करून १९८० च्या हंगामांत टीएक्स-एल इंडी बाजारांत आणली. तींत प्रत्येक स्की मोटारीच्या चाकाप्रमाणें स्वतंत्रपणें खालींवर होई. पुढें १९८९ च्या हंगामांत इंडी ५०० आली. जपानच्या फुजी कंपनीचें पाण्यानें थंड राहणारें दोन सिलिंडरांचें एंजिन आणि हीच रचना. ती ना सर्वांत वेगवान, ना सर्वांत हलकी. पण त्या प्रदेशांत ज्याला विचारावें त्याच्याकडे एकेकाळीं ती होती. “ती कशी होती असें विचारलें तर कोणाला कांहीं आठवत नाहीं, इतकी ती चांगली होती,” असें धनी म्हणाले. मला हें वाक्य फार आवडलें. उत्तम सुनेविषयीं शेजारणी असेंच बोलतात.

चवथा पक्ष एका गृहिणीचा. त्यांच्यापाशीं १९८४ सालची यामाहा फेझर आहे. हिचा दिवा आणि समोरची काच सुकाणूबरोबरच वळत, त्यामुळें रात्रीं झाडींतील वळणावर प्रकाश जावयाचा तेथेंच जाई. हलकी, पंख्याच्या वाऱ्यानें थंड राहणारी, आणि बाईमाणसास एकटीनें वळवितां येईल अशी. पुरुषमंडळी शर्यतींच्या गप्पा मारतात आणि रात्रीं घरीं मात्र बायकोच्या दिव्यामागून येतात, असें त्या म्हणाल्या तेव्हां गॅरेजांत थोडा वेळ शांतता होती. यामाहानें १९६८ सालीं हिमगाड्यांच्या धंद्यांत पाऊल टाकलें आणि २०२३ मध्यें त्यांतून निवृत्त होण्याचें जाहीर केलें. अमेरिकेंत २०२५ चे नमुने शेवटचे ठरले. त्यामुळें बाईंनीं तळघरांत सुट्या भागांचा एवढा सांठा केला आहे कीं तो पाहून मला लोणच्याच्या बरण्यांची फळी आठवली.

एक तरुण मधूनमधून येई. त्याच्या मतें २००३ सालापूर्वीं जें झालें तें सारें पुराण. त्या एका हंगामांत दोन नवलें झालीं हें खरें. स्की-डूनें रेव्ह नांवाची गाडी काढून बसणाराची जागा पुढें सरकविली. मागें रेलून बसण्याऐवजीं तो गुडघे वांकवून, ताठ, गाडीच्या मध्यावर बसूं लागला आणि खांचखळग्यांत त्याचा तोल राहूं लागला. पुढें सर्वच कारखान्यांनीं हा मार्ग धरिला. त्याच हंगामांत यामाहानें आरएक्स-१ आणली. तिचें चार सिलिंडरांचें, ९९८ घन सेंटिमीटरांचें, चार धक्क्यांचें एंजिन त्या कंपनीच्या आर-१ या मोटारसायकलवरून घेतलेलें. दोन धक्क्यांचा धूर तेव्हां तिकडे गाजतच होता : यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशीं हिमगाड्यांचा धूर इतका सांचे कीं तिकिटें देणाऱ्या रक्षकांच्या खोल्यांत बाहेरून शुद्ध हवा सोडावी लागली, आणि २००२ सालीं त्यांस तोंडावर लावावयाचे श्वसनपट देण्यांत आले. तेव्हां चार धक्क्यांच्या एंजिनाचा मान मोठा. मात्र ही गाडी वजनदार. मऊ बर्फांत रुतली कीं एकट्या माणसानें तिला काढावयाचें म्हणजे चिखलांतून म्हैस काढण्यासारखें.

मीं मनांशीं कौल दिला होता तो या सर्वांहून लहान गाडीस. आणि तिचें नांव त्या क्वेबेकच्या म्हाताऱ्यांनींच, ऑलिंपीकचा पक्ष लंगडा पडल्यावर, जवळजवळ ओशाळून काढलें होतें. ती म्हणजे स्की-डूची एलान. १९७१ ते १९९६ अशी पंचवीस वर्षें ती निघत राहिली. कारखान्यांत नव्या गाड्या आल्या, गेल्या, ही तशीच. सर्वांत साधा नमुना एका सिलिंडरचा, २५० घन सेंटिमीटरांच्या आंतबाहेरचा, बारा अश्वबळांचा. दोरी ओढून सुरू करावयाची. पट्ट्याच्या आंत लहान लहान रबरी चाकें, तीं शेवटपर्यंत तशींच राहिलीं. नव्या गाड्यांत चाकांऐवजीं घसरपट्ट्या असतात. त्यांवर प्रवास सुखाचा होतो, पण त्यांना थंड राहण्यास सैल बर्फ लागतें. उघड्या गोठलेल्या तळ्यावर किंवा साफ केलेल्या रस्त्यावर त्या तापतात. चाकांचें तसें नाहीं. एलानचें एंजिन उघडून पुन्हां जोडावयास चारदोन पाने पुरतात, आणि ती रुतली तर मागची बाजू हातानें उचलून बाजूस ठेवितां येते. लांकूडतोडे, मासेमारी करणारे, जनावरांसाठीं सापळे लावणारे, शाळकरी मुलें, सर्वांनीं ती वापरली.

निकाल जाहीर करण्याच्या आदल्याच आठवड्यांत एक रात्र अशी आली कीं मला आपलें टिपण फाडावेंसें वाटलें. दुपारपासून हिमवादळ सुरू झालें होतें. रस्ते बंद, समोरचें घर दिसेना. नऊच्या सुमारास रुग्णालयांतून दूरध्वनि आला कीं एक बाई अडली आहे आणि तेथील डॉक्टर दुसऱ्या रोग्यापाशीं गुंतले आहेत. जावईबापू बूट चढवूं लागले. कन्या कांहीं बोलली नाहीं, मीच म्हणालों, “अहो, जाणार कसे?” तेवढ्यांत दारांत दिवा दिसला. शेजारच्या धन्यांनीं इंडी ५०० आणली होती. जावईबापू त्यांच्या पाठीमागें बसले, त्यांची पिशवी मध्यें घट्ट धरली, आणि मागचा तांबडा दिवा पांचपन्नास पावलांवर नाहींसा झाला. रुग्णालय तीन मैलांवर. मी खिडकीपाशीं उभा राहिलों. मुलीनें दोनदां चहा केला आणि दोनदां तो निवला. सव्वाअकराला फोन आला : मुलगी झाली, दोघी सुखरूप. सकाळीं नांगर फिरून रस्ता मोकळा झाल्यावर जावईबापू मोटारीनें परतले.

शनिवारीं धन्यांनीं अर्थातच हाच पुरावा पुढें केला. क्वेबेकचे म्हातारबुवा म्हणाले, “माझी एलानहि सुरू होऊन उभी होती, मला कोणीं हांक मारली नाहीं.” वितंडावाद्यांनीं सांगितलें कीं त्या इंडीचा पट्टा १९९४ सालीं तुटला होता. मीं सांगितलें, “एका ठिकाणीं धूर आणि अग्नि एकत्र दिसले म्हणून व्याप्ति सिद्ध होत नाहीं. त्या रात्रीं इंडीनें माझ्या घरावर उपकार केले, ते मी विसरणार नाहीं. पण उपकार हा प्रमाणांत मोजतां येत नाहीं.” धनी मनमोकळे हंसले. मीं नंतर ‘उत्तम’ या शब्दाचें लक्षण मांडलें : जी सामान्य घरास परवडते, जी कडाक्याच्या थंडींत मालकास स्वतःस दुरुस्त करतां येते, जी एकट्या माणसास रुतलेली काढतां येते, आणि जी दीर्घकाळ बदल न करतां लोकांनीं मागून घेतली, ती उत्तम. या लक्षणानें एलान पहिली, इंडी ५०० दुसरी. वेगाची परीक्षा लावली तर निकाल वेगळा होईल, सुखाची लावली तरीहि. पण ज्या मुलुखांत गाडी बंद पडणें म्हणजे तळ्याच्या मध्यावर रात्र काढणें, तेथें तीं लक्षणें मला गौण वाटतात.

या मताच्या पुष्टीसाठीं मीं एक दूरची साक्षहि काढली. फिनलंडच्या उत्तरेस रेनडिअर पाळणाऱ्या स्कोल्ट सामी लोकांत हिमगाडी १९६० च्या दशकाच्या आरंभीं आली; तेथील पहिली गाडी गांवच्या शाळामास्तरांनीं लांकडें वाहण्यास व फिरावयास घेतली होती, हें वाचून मला अंमळ गंमत वाटली. मानववंशशास्त्रज्ञ पर्टी पेल्टो यांनीं त्यावर १९७३ सालीं पुस्तक लिहिलें. थोड्याच वर्षांत कळपांमागें माणसें स्कीवरून जावयाचीं थांबलीं व गाड्या धांवूं लागल्या; जनावरें बुजरीं झालीं; पेट्रोल, सुटे भाग, हप्ते यांसाठीं रोकड लागूं लागली, आणि ज्यांचे कळप लहान होते ते या खर्चाखालीं दबून धंद्यांतून बाहेर पडले. पूर्वीं सामी माणसाचें वाहन कुरणांत जन्मत असे, आतां तें कारखान्यांतून येऊं लागलें. महाग, गुंतागुंतीची आणि दर दोन वर्षांनीं जुनी ठरणारी गाडी अशा माणसाच्या दारांत काय करते, याचा विचार ‘सर्वोत्तम’ ठरवितांना कोणीच करीत नाहीं, असें मीं म्हणालों. तरुणानें विचारलें कीं सामी लोकांची ती पहिली गाडी कोणती होती ? मीं सांगितलें, स्की-डूच. म्हातारबुवांनीं एवढ्या जोरानें मांडीवर थाप मारली कीं कॉफी सांडली.

निकाल सर्वमान्य झाला असें मात्र नाहीं. आर्क्टिक कॅटवाले गृहस्थ त्या दिवशीं लवकर उठून गेले. पुढच्या शनिवारीं आले तेव्हां त्यांनीं माझ्यासाठीं घरची पाव-बिस्किटें आणलीं, पण विषय काढला नाहीं. फेझरवाल्या बाईंनीं तर स्पष्टच सांगितलें, “पंचांनीं एलानवर बसून दहा मैल जावें, मग बोलावें.” आव्हान नाकारणें शोभलें नसतें. क्वेबेकच्या म्हाताऱ्यांच्या पाठीमागें बसून मी गोठलेल्या तळ्याकांठीं दहा मैल गेलों. चौथ्या मैलावर मला कण्यांतील प्रत्येक मणका वेगळा मोजतां येऊं लागला. परतल्यावर निकाल मीं बदलला नाहीं. परंतु त्या रात्रीं आणि पुढच्या दोन रात्रीं मला उशीवांचून खुर्चींत बसवलें नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

मी परत आलों त्याला आतां कांहीं महिने झाले. गेल्या आठवड्यांत कन्येशीं बोलणें झालें. जावईबापूंनीं कोठल्याशा शेतकऱ्याच्या कोठारांतून एक गंजलेली एलान विकत आणली आहे. ती अजून सुरू झालेली नाहीं. तिचा कार्बुरेटर सध्या जेवणाच्या टेबलावर, कागदावर सुटा करून मांडलेला आहे, आणि तो केव्हां उचलणार याविषयीं त्या घरांत जी चर्चा चालली आहे ती वाद, जल्प कीं वितंडा, हें मला दूरध्वनीवरून नीटसें ठरवितां आलें नाहीं.